शिबिर आधी, पावती नंतर

स्मरणिका म्हटली की निम्मी पाने जाहिरातींची. पतसंस्था, सिमेंटचे विक्रेते, मंगल कार्यालये, 'एक हितचिंतक'. उरलेल्या पानांत मान्यवरांचे संदेश, आणि त्यातूनही जागा उरली तर संस्थेचा इतिहास. या अंकात मात्र एकही जाहिरात नाही. जाहिराती मिळाल्या नाहीत असे नव्हे, घ्यायच्याच नव्हत्या. ज्याने दहा दिवसांचे एक तरी शिबिर पूर्ण केले आहे त्याचेच दान घ्यायचे, या नियमावर इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्राची एकूणएक भिंत उभी आहे. पन्नास वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या अंकासाठी तो मोडला असता तर हा अंक काढण्यात अर्थ उरला नसता.

हा इतिहास मुख्यतः बांधकामाचा आहे. साधनेविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मोऱ्या, टाक्या आणि पत्रे यांच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

सुरुवात एका हिशेबनीस माणसापासून करावी लागते. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. 4 जानेवारी 1948 रोजी देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी त्यांनी हे पद हाती घेतले. सरकारी दप्तर सांभाळता सांभाळता त्यांनी 1952 मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र उभे केले. त्यातला पॅगोडा आकाराने लहान होता. मधे एक गाभ्याची खोली आणि तिच्याभोवती आठ छोट्या खोल्या. नेहमीचा स्तूप आतून भरीव असतो, लोक त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतात. हा आतून पोकळ होता, माणसाने आत जाऊन बसावे म्हणून. इगतपुरीच्या पॅगोड्याचा नकाशा कुठून आला असे कोणी विचारले की मी या आठ खोल्यांकडे बोट दाखवतो. गुरू लेखापाल, शिष्य मारवाडी उद्योजक! जमाखर्चाची शिस्त संस्थेच्या पत्रिकेतच लिहिलेली होती असे आम्ही थट्टेने म्हणतो, पण ती निव्वळ थट्टा नाही.

शिष्य म्हणजे सत्यनारायण गोयन्का, साधकांचे गुरुजी. जन्म मंडालेचा, 30 जानेवारी 1924 चा. अर्धशिशीवर कुठेच उतारा पडेना म्हणून ते 1955 मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि पुढे चौदा वर्षे त्यांच्याजवळ शिकले. 1962 च्या लष्करी बंडानंतर ब्रह्मदेशातले उद्योगधंदे सरकारजमा झाले, त्यात त्यांचेही गेले. 1969 मध्ये मुंबईत राहणाऱ्या आजारी आईसाठी ते भारतात आले आणि 3 जुलैला पंचायती वाडीच्या धर्मशाळेत पहिले शिबिर सुरू झाले. बसणारे 14 जण, त्यांत त्यांचे आईवडीलही. ना जमीन, ना ट्रस्ट, ना पावतीपुस्तक.

पुढची काही वर्षे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेली. धर्मशाळा, शाळा, विहार, आश्रम, कधी तंबू. मिळेल तिथे शिबिर. ज्यांनी असे शिबिर भरवले आहे त्यांनाच त्यातली गंमत कळते. धर्मशाळा लग्नाच्या तिथींना मिळत नाही आणि शाळा सुटीखेरीज मिळत नाही. भांडी भाड्याची, गाद्या भाड्याच्या, पाण्याचा भरवसा नाही. साधक चौथ्या दिवशी विपश्यनेत उतरतो न उतरतो तोच शेजारच्या मांडवात बँड सुरू होतो. दहा दिवस मौन पाळायचे, पहाटे चारला उठायचे, साडेचारला बसायचे; असे माणसाला सांगायचे असेल तर त्याला किमान शांत खोली आणि वेळेवर जेवण देता आले पाहिजे. स्वतःची जागा हवी हा विचार त्या गैरसोयीतून आला. बांधकामाची हौस त्यामागे नव्हती.

डिसेंबर 1973 मध्ये देवळालीचे शिबिर आटोपून गुरुजी मोटारीने मुंबईकडे निघाले होते. इगतपुरीच्या साधकांनी त्यांना वाटेत थांबवले आणि गावाबाहेरच्या काही जागा दाखवल्या. शेवटची जागा टेकाडावरची होती. जुनी आंब्याची झाडे, इंग्रजी अमदानीतल्या पडक्या इमारती आणि पाठीमागे सह्याद्रीचे उभे कडे. गुरुजींना ती पसंत पडली. सोबत आलेल्या मुंबईच्या एका व्यावसायिक साधकाने जमिनीची किंमत देण्याची तयारी तिथल्या तिथे दाखवली. धम्मगिरीचे पहिले मोठे दान ते. आणि नियम तेव्हाही तोच होता: देणारा आधी बसलेला होता.

इगतपुरी म्हणजे काय हे रेल्वेच्या माणसाला विचारावे. थळ घाट 1865 मध्ये खुला झाला तेव्हापासून हे गाव घाटमाथ्यावरचे ठाणे आहे. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, ती गाडी वर ढकलून आणतात आणि इगतपुरीला सुटतात. प्रवाशांना गावाची ओळख तेवढ्या थांब्याची, फलाटावरच्या वड्यांची आणि धुक्याची. मुंबईहून येणाऱ्याला सोपे, नाशिकहून येणाऱ्याला त्याहून सोपे, हवा थंड. केंद्राला याहून चांगली जागा सापडली नसती. एक गोष्ट सोडून. इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. जूनच्या मध्याला लागलेली झड कधी कधी नवरात्रापर्यंत पाठ सोडत नाही. भिंतींना ओल येते, अंथरुणे दमट होतात, पायऱ्यांवर शेवाळ धरते. बांधकामाचे वर्ष त्यामुळे इथे दसऱ्याला सुरू होते आणि मृगाला संपते. त्यातही शिबिर चालू असताना मशीन लावता येत नाही. मौन पाळणाऱ्या शेकडो माणसांच्या कानाशी स्लॅबचा मिक्सर फिरवणार कसा? शिबिरांमधले मोकळे दिवस धरायचे, नाहीतर काम इतक्या दूर काढायचे की आवाज पोहोचू नये. इगतपुरीत एखादी इमारत दोन वर्षे लांबली तर बाहेरचे लोक पैशांची अडचण समजतात. पुष्कळदा अडचण पावसाची आणि मौनाची असते.

जमीन मिळाली तरी पहिले शिबिर बसायला जवळजवळ तीन वर्षे लागली. ते ऑक्टोबर 1976 मध्ये झाले. त्याच्या एकच महिना आधी हैदराबादचे धम्मखेत्त सुरू झाले होते, तेव्हा वडीलपणाचा मान तिकडचा. तो आम्ही आनंदाने देतो. पहिल्या तुकड्यांनी इथे काय सोसले ते जुने लोक आजही हसत हसत सांगतात. अर्धवट बांधकाम, बादलीने आणलेले पाणी. देशी साधकांबरोबर परदेशी तरुणही घमेली उचलत होते. गावाला त्याचे मोठे कौतुक वाटे आणि थोडा संशयही. त्या काळी भारतात भटकणाऱ्या गोऱ्या पोरांची कीर्ती काही फार चांगली नव्हती, आणि ही पोरे पहाटे चारला उठून गप्प बसतात यावर सहजासहजी विश्वास बसत नसे.

1970 चे दशक संपता संपता पॅगोडा उभा राहिला. बाहेरून सोनेरी, ब्रह्मी घाटाचा. आतून रंगूनच्या नमुन्याचा, म्हणजे पोकळ आणि खोल्यांचा. या खोल्यांना आपण शून्यागार म्हणतो. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा, दार, हवेला वाट आणि अंधार. मधल्या पॅगोड्याभोवती शून्यागारांची कडी एकामागून एक वाढत गेली आणि संख्या चारशेच्या आसपास पोहोचली. धम्मगिरीचा विस्तार म्हणजे नेमके काय हे कोणाला एका दृष्टिक्षेपात पाहायचे असेल तर त्याने ही कडी पाहावीत. झाडाच्या बुंध्यावरून त्याचे वय मोजतात तशी आमच्या दानाची वर्षे त्यांवरून मोजता येतील.

आता पैशांचा विषय. शिबिराला शुल्क नाही. राहणे, जेवण, शिकवणे कशालाच नाही. आचार्यांना मानधन नाही आणि धम्मसेवकाला मजुरी नाही. पहिल्या दिवशी कोणी पैशांचे नाव काढत नाही, नवव्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर एका बाजूला टेबल मांडलेले असते, ज्याला वाटेल त्याने तिथे जावे. नव्या साधकाची इथे गफलत होते. 'दहा दिवसांचे किती द्यायचे?' असे तो विचारतो. त्याच्या दहा दिवसांचे कोणीतरी आधीच दिलेले असते. तो देतो ते त्याच्यानंतर येणाऱ्यासाठी. कोणासाठी, ते त्याला कधीच कळत नाही.

हे ऐकायला गोड आहे, पण खजिनदाराच्या खुर्चीत बसून पाहा. मंगल कार्यालय बांधणारा भाड्याचा अंदाज बांधतो, शाळा बांधणारा फीचा. इथे अंदाज कशावर बांधणार? बँकेचे कर्ज काढले तर हप्ता कशातून फेडणार? उद्योगपतीकडे शब्द टाकावा तर तो कधी दहा दिवस बसलेला नाही. मागच्या वर्षी दानपेटी भरली म्हणून यंदा भरेल याची हमी नाही. तेव्हा हाती रक्कम येईल तेवढाच पाया खणायचा आणि पुढच्या खोलीसाठी थांबायचे, एवढाच मार्ग उरतो. चालू खर्च वेगळा आणि इमारत निधी वेगळा, ही रेघ पाळावीच लागते. तांदळाचे पैसे विटांत गेले की पुढच्या शिबिराचे जेवण अडते. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेबाची तपासणी होते, आयकरातली सवलत दात्याला मिळते. पण हे पुष्कळ नोंदणीकृत न्यासांना असते. आमचे वेगळेपण पावतीच्या आधीच्या प्रश्नात आहे: 'शिबिर झाले का?' नाही म्हणणाऱ्याचे पाकीट परत दिले जाते. असे पाकीट परत घेताना माणसाचा चेहरा कसा होतो ते ज्याने पाहिले आहे तो विसरत नाही. देवळाच्या दारात असा अनुभव त्याला कधी आलेला नसतो.

या नियमाने आमची वाढ मंदावली का? हो. प्रतीक्षायादी नेहमी खोल्यांच्या पुढेच धावली आहे. माझे मत असे की तसेच असायला हवे. खोल्या आधी बांधून ठेवल्या की त्या भरण्यासाठी माणसे गोळा करावी लागतात, आणि माणसे गोळा करण्याच्या धंद्यात पडलेल्या संस्था आपण महाराष्ट्रात पुरेशा पाहिल्या आहेत.

दानाचा पैसा कसा चालवायचा, हा प्रश्न तसा नाशिकला नवा नाही. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून ठेवलेला लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुदलाला हात न लावायची ठेव, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांतले 2000 महिना शेकडा एक या व्याजाने आणि 1000 महिना शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. गणित करून पाहा: दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240, आणि वीस बारे 240. एका नाण्याचाही फरक नाही. ज्याला आज आपण 'कॉर्पस' म्हणतो तो आपल्या जिल्ह्यात एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला आहे, व्याजदरासकट. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांबाखांबावर देणाऱ्याचे नाव आहे. त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. आमच्या शून्यागाराच्या दारावर नुसता क्रमांक असतो. कार्ल्याची रीत चुकीची होती असे मी म्हणणार नाही, त्या नावांमुळेच आपल्याला इतिहास कळला. पण अंधाऱ्या खोलीत श्वास पाहायला निघालेल्या माणसाने दारावर दुसऱ्याचे नाव वाचून आत जाऊ नये, हेही खरे.

विस्ताराला खरा वेग आला तो विटांमुळे नव्हे. 1980 च्या दशकाच्या आरंभी गुरुजींनी सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. तोवर शिबिर म्हणजे स्वतः गुरुजी. ते जिथे असतील तिथेच शिबिर. आता त्यांची प्रवचने आणि सूचना ध्वनिफितीवर, आणि समोर सहायक आचार्य. एकाच वेळी अनेक ठिकाणी शिबिरे बसू लागली. धम्मगिरीवर शिबिराला शिबिर जोडून येऊ लागले आणि मग ज्या गोष्टींकडे कोणाचे लक्ष नव्हते त्या पुढे आल्या. पहाटे चारच्या घंटेनंतर अर्ध्या तासात शेकडो माणसांना आंघोळ-संडास आटोपून हॉलमध्ये बसायचे असते. सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा. या वेळांत पाच मिनिटांची ढिलाई चालत नाही. पॅगोड्याचा फोटो सगळे काढतात. पण माझ्या मते धम्मगिरीवरचे सर्वांत महत्त्वाचे बांधकाम म्हणजे पाण्याच्या टाक्या, मलनिस्सारण आणि स्वयंपाकघर. चित्त एकाग्र करायला आलेला माणूस रांगेत तिष्ठत राहिला की त्याचे चित्त कुठे असते ते सांगायला नको. स्त्रिया आणि पुरुष यांच्या निवासाची, भोजनाची, फिरण्याच्या वाटांची वेगळी सोय म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बांधायची. बजेट करणारे नवखे लोक हे हमखास विसरतात.

1985 मध्ये विपश्यना विशोधन विन्यास सुरू झाला आणि टेकडीवर ध्यानाबरोबर पोथ्याही आल्या. रंगूनला 1954 ते 1956 मध्ये भरलेल्या छट्ठ संगायनाचे, म्हणजे सहाव्या धम्मसंगीतीचे, पाठ घेऊन अट्ठकथा-टीकांसह पाली तिपिटक देवनागरीत 140 खंडांत छापले गेले. त्याआधी मराठी वाचकाला पाली मूळ देवनागरीत पाहायचे तर मोजकीच प्रकाशने होती. पुढे दीर्घ शिबिरांसाठी शेजारीच तपोवन झाले. वीस, तीस, पंचेचाळीस दिवस बसणाऱ्यांची गरज वेगळी, त्यांना एकांत जास्त लागतो. एकेका साधकामागे बांधकाम जास्त आणि बसणारे मोजके, म्हणजे हिशेबाच्या भाषेत तोट्याचा व्यवहार. तो जाणूनबुजून केला.

एक प्रश्न आमच्याच लोकांकडून नेहमी येतो, तो टाळणे बरे नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर महाराष्ट्रात वस्तीवस्तीत विहारे उभी राहिली, तीही गरिबांच्या वर्गणीतून. पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ता दारोदार फिरला, गिरणीकामगाराने पगारातून दिले, बाईने भाजीच्या पैशांतून दिले. त्या परंपरेतले काही जण विचारतात की हे डोळे मिटून बसणे बाबासाहेबांच्या धम्मात कुठे बसते? आणि गुरुजी 'बौद्ध' हा शब्दच टाळून 'सार्वजनीन धर्म' का म्हणत? गुरुजींचे म्हणणे असे की बुद्धांनी संप्रदाय शिकवला नाही, धम्म शिकवला. त्यामुळे इथे जैन मुनी बसले, ख्रिस्ती जोगिणी बसल्या. विरोधकांचे म्हणणे असे की अन्याय बाहेर आहे, तो श्वास पाहून जात नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते आणि हा वाद मिटवणे माझे काम नाही. एवढे मात्र सांगतो की विहाराच्या वर्गणीला मी आमच्या दानपद्धतीपेक्षा कमी मानत नाही. दारोदार फिरायला जास्त धैर्य लागते.

इगतपुरीतून निघालेला सर्वांत मोठा विस्तार इगतपुरीत नाही, मुंबईच्या गोराईत आहे. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या दान मिळालेल्या जमिनीवर ग्लोबल विपश्यना पॅगोडा बांधायचे ठरले. 1997 मध्ये पायाभरणी, 2000 मध्ये प्रत्यक्ष काम, 2006 मध्ये घुमट पुरा आणि अवशेषधातूंची स्थापना, 8 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन. उंची 96 मीटरच्या आसपास, रंगूनच्या श्वेडगॉनच्या घाटाची. पण श्वेडगॉन भरीव आणि हा पोकळ. पुन्हा त्याच आठ खोल्यांची आठवण. आत 8000 माणसे बसतील एवढे दालन आणि मधे एकही खांब नाही. घुमटाचा आतला व्यास 85 मीटर. विजापूरच्या गोलघुमटाचा सुमारे 38.

लोखंड न वापरण्याचा निर्णय इथला सर्वांत धाडसी. आरसीसीत बांधले असते तर काम लवकर झाले असते. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, काँक्रीट फुटते आणि शंभर वर्षांत इमारत पाडायला येते. सांचीसारखे टिकावे अशी इच्छा होती. म्हणून पायाला बसाल्ट आणि घुमटाला राजस्थानचा वालुकाश्म. एकेक दगड सहाशे-सातशे किलोचा, शेजारच्या दगडात अडकेल अशा खाचा पाडलेला, आणि सांध्यांत चुना. शेंड्याला मधोमध बसवलेल्या कळीच्या दगडाचे वजन चार टनांच्या आसपास. हे काम संगणकाच्या आकडेमोडीवर झाले आणि छिन्नीवरही झाले. 21 डिसेंबर 2008 रोजी तिथे पहिले एक दिवसाचे शिबिर झाले आणि त्याला आचार्य म्हणून स्वतः गुरुजी बसले. गोराई मला पूर्ण पटते असे नाही. तिथे सहलीला येणारे फार, बसणारे थोडे. बोटीतून उतरून फोटो काढून परतणाऱ्या गर्दीला इगतपुरीची शांतता कळत नाही. पण त्या गर्दीतला एखादा जण पुढे अर्ज भरतो हेही मी पाहिले आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

29 सप्टेंबर 2013 रोजी गुरुजी गेले. आज जगात या परंपरेची दोनशेहून जास्त केंद्रे आहेत. आपल्याकडे नाशिकचे धम्मनासिका, मरकळचे धम्मानंद, खडवलीचे धम्मसरिता, कोल्हापूरकडचे आळत्याचे धम्मालय. बहुतेकांच्या विश्वस्तांना पहिल्या पावसाळ्यातच गळतीने धडा शिकवला आहे, आणि बहुतेकांनी त्यावर इगतपुरीला फोन करून पत्र्याचा उतार विचारला आहे.

ऑक्टोबर 2026 मध्ये टेकडीवरच्या पहिल्या शिबिराला 50 वर्षे होतात. हा अंक वाचून काही वाचकांना दान पाठवावेसे वाटेल. ज्यांचे शिबिर झालेले नाही त्यांना विनंती, कृपया पाठवू नका, ते परत करण्याचे काम वाढते. आधी शिबिराचा अर्ज करा. येताना पावसाळा असेल तर छत्री, टॉर्च आणि न घसरणाऱ्या चपला आणा.